जुना ड्रायव्हर बदलावा का? धातूचं वय आणि खेळाडूचं वय

विषयाचं नाव वाचून काही जणांना मोटारीचा ड्रायव्हर आठवला असेल, तर आधीच सांगतो, आपण गोल्फच्या ड्रायव्हरबद्दल बोलणार आहोत. गोल्फरच्या बॅगेत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त चौदा क्लब असतात. त्यांतला सगळ्यात लांब दांड्याचा, सगळ्यात मोठ्या डोक्याचा आणि बहुतेक वेळा सगळ्यात महागडा क्लब म्हणजे ड्रायव्हर. लांब होलवरचा पहिला फटका याचा.

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: "माझा ड्रायव्हर दहा-बारा वर्षांचा झाला. पूर्वीसारखा बॉल जात नाही. नवा घेऊ का?" नव्या, नावाजलेल्या ड्रायव्हरची किंमत अमेरिकेत आज सहाशे डॉलरच्या आसपास आहे, आणि आपल्याकडे त्यावर आयात शुल्क आणि कर चढतात. म्हणजे प्रश्न किरकोळ नाही. पण पैशांपेक्षाही मोठी एक गोष्ट यात आहे. साठी ओलांडलेला माणूस जेव्हा म्हणतो की बॉल पूर्वीसारखा जात नाही, तेव्हा त्याला मनातून भीती असते की चौघांच्या गटात आता आपण मागे पडतोय, आणखी दोन वर्षांनी खेळणंच सुटेल. म्हणून याचं उत्तर जाहिरातीवर सोडू नये.

या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. माझा ड्रायव्हर बनल्यानंतर नव्या ड्रायव्हरमध्ये काय सुधारलं? माझ्या ड्रायव्हरची झीज किती झाली? आणि या काळात मी स्वतः किती बदललो? तिन्ही वेगवेगळे सोडवू.

लाकडापासून टायटॅनियमपर्यंत

पूर्वी ड्रायव्हरचं डोकं, म्हणजे हेड, पर्सिमन नावाच्या लाकडाचं असायचं. 1979 मध्ये टेलरमेडने पोलादी हेडचा ड्रायव्हर बाजारात आणला. 1991 मध्ये कॅलवेचा बिग बर्था आला. त्याचं पोलादी हेड त्या काळच्या मानाने प्रचंड मोठं, 190 घन सेंटिमीटरचं होतं. आजच्या हेडशेजारी ते लिंबाएवढं दिसेल. 1993 ची मास्टर्स स्पर्धा बर्नहार्ड लँगर यांनी लाकडी ड्रायव्हरनेच जिंकली; त्यानंतर मात्र लाकूड झपाट्याने मागे पडलं. 1995 च्या सुमारास टायटॅनियम आलं. हा धातू हलका आणि मजबूत, त्यामुळे त्याच वजनात मोठं हेड आणि पातळ फेस करता येऊ लागला.

पातळ फेसचा फायदा काय? फटका बसतो तेव्हा बॉल चपटा होतो, आणि त्यात बरीच ऊर्जा वाया जाते. फेस स्वतः थोडासा आत दबून परत उसळला, तर बॉलला कमी चपटं व्हावं लागतं आणि ऊर्जा वाचते. ट्रॅम्पोलिनसारखंच. कंपन्या फेस पातळ करत गेल्या, बॉल लांब जात गेला.

नियमांच्या तीन भिंती

मग नियम करणाऱ्या संस्था जाग्या झाल्या. अमेरिकेची यूएसजीए आणि बाकी बहुतेक जगासाठी आर अँड ए. यूएसजीएने 1998 मध्ये फेसच्या उसळीवर मर्यादा घातली. उसळीचा गुणांक 0.83 च्या वर नको. आर अँड ए ने ही मर्यादा सगळ्या खेळाडूंसाठी 2008 पासून लागू केली. 2004 मध्ये हेडच्या आकारावर 460 घन सेंटिमीटरची मर्यादा आली. आणि 2006 मध्ये तिसरी मर्यादा, फटका मधोमध नाही बसला तर हेड किती कमी वळावं याची. भौतिकशास्त्रात त्याला जडत्व आघूर्ण म्हणतात, गोल्फमध्ये एमओआय. त्याची सीमा 5900.

आता थोडा हिशोब करू, घाबरू नका. बॉलचं वजन साधारण 46 ग्रॅम, हेडचं साधारण 200 ग्रॅम. अगदी मधोमध फटका बसला तर बॉलचा वेग हेडच्या वेगाच्या किती पट होईल? उसळीचा गुणांक 0.83 धरला तर उत्तर येतं साधारण 1.49. फेसला फारशी उसळी नसलेलं जुनं हेड, गुणांक 0.78 धरला, तर 1.45. तुमच्या हेडचा वेग ताशी 90 मैल असेल, तर एका बाबतीत बॉल सुटेल 134 च्या वेगाने, दुसऱ्यात 130 च्या. बॉलच्या वेगात ताशी एक मैल म्हणजे ढोबळमानाने दोन यार्ड. म्हणजे लाकडापासून कायद्याच्या टोकापर्यंत, नुसत्या उसळीमुळे, सात-आठ यार्ड.

हा हिशोब मी का मांडला? कारण ही सीमा चांगल्या कंपन्यांनी 2000 नंतरच्या काही वर्षांतच गाठली. तुमचा ड्रायव्हर 2008 चा असो की यंदाचा, मधोमध बसलेल्या फटक्याला उसळी तीच. दर वर्षी "दहा यार्ड जास्त" असं ऐकत आलो. ते सगळे यार्ड खरे असते तर आपण सगळे आज चारशे यार्ड मारत असतो!

मग सुधारलं काय?

सुधारलं, आणि बरंच सुधारलं, पण ते मधोमध न बसलेल्या फटक्यांसाठी. आपण हौशी खेळाडू दहातले किती फटके मधोमध मारतो? क्रिकेटची बॅट आठवा. बॉल कडेला लागला की बॅट हातात वळते. ड्रायव्हरचंही तसंच. टोकाला लागला की हेड वळतं, वेग जातो, दिशा जाते. कंपन्यांनी हेडच्या वरचा भाग कार्बनचा केला, वाचलेलं वजन मागे, खालच्या काठाला नेलं. त्यामुळे हेड वळायला जास्त नाखूश झालं. तुमच्या चुकीची शिक्षा कमी झाली.

इथे एक सावधगिरी. 2024 पासून काही ड्रायव्हर "10 हजार एमओआय" म्हणून विकले जातात. ही बेरीज आहे. आडव्या फटक्यांसाठीचा आकडा अधिक उभ्या फटक्यांसाठीचा आकडा. नियमाची 5900 ची सीमा मोडलेली नाही.

दुसरी सुधारणा, हेड आणि दांडा जोडण्याच्या जागेवर स्क्रू. साधारण 2009 पासून हे सर्रास मिळू लागलं. किल्लीने लॉफ्ट, म्हणजे फेसचा तिरकेपणा, थोडा कमी-जास्त करता येतो. तुमच्या जुन्या ड्रायव्हरला ही सोय असेल तर नवा घेण्याआधी ती वापरून बघा. बऱ्याच जणांची किल्ली अजून पाकिटातच असते.

धातू म्हातारा होतो का?

लोक म्हणतात, "फेस थकला, जीव गेला त्यातला." प्रत्यक्षात उलट होतं. टायटॅनियमचा फेस हजारो फटके खाल्ल्यावर थकतो खरा, पण थकताना आधी जास्त लवचीक होतो. उसळी कमी होत नाही, किंचित वाढते. आणि मग एक दिवस त्याला चीर जाते.

व्यावसायिक खेळाडूंना याचा खूप त्रास होतो. स्पर्धेत फेसची चाचणी होते. छोटा लोलक फेसवर आपटून दोघांचा संपर्क किती काळ टिकतो ते मोजतात. मर्यादा 239 मायक्रोसेकंद, आणि सवलत धरून 257. 2019 च्या ओपनमध्ये झँडर शॉफले यांचा ड्रायव्हर या चाचणीत नापास झाला. 2025 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये रॉरी मॅकिलरॉय यांचा झाला, आणि त्याच आठवड्यात आपलाही झाल्याचं विजेत्या स्कॉटी शेफलर यांनी सांगितलं. हे ड्रायव्हर कारखान्यातून नियमात बसणारेच निघतात. ताशी 115-120 मैलांच्या रोजच्या माऱ्याने फेस हळूहळू सीमेपलीकडे जातो. आपण आठवड्यातून एकदा ताशी 85-90 ने खेळणारे. आपला फेस त्या मानाने फार सावकाश थकतो.

म्हणजे ड्रायव्हर जुना झाला म्हणून बॉल कमी जातो, हे धातूच्या बाबतीत खरं नाही. चीर गेली तर मात्र गोष्ट वेगळी. ओळखायचं कसं? आवाज बदलतो, टणत्कार जाऊन फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. फेसवर आणि फेस जिथे वरच्या भागाला मिळतो त्या कडेवर नख फिरवून बघा.

खरी झीज इतरत्र होते. ग्रिपचं रबर कडक आणि गुळगुळीत होतं. आपल्या दमट पावसाळ्यात तर ते हातातून सरकतं. मग माणूस नकळत मूठ घट्ट आवळतो, मनगटं अडतात, वेग जातो. दुसरं, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत क्लब महिनोन्‌महिने ठेवले तर हेड-दांडा जोडणारा गोंद कमजोर होऊ शकतो. हेड किंचित फिरतंय का, आत काही खुळखुळतंय का बघा. ग्रिप बदलायला नव्या ड्रायव्हरच्या मानाने अगदी थोडा खर्च येतो, आणि कित्येकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

आणि आपण?

आता अवघड भाग. हेडच्या वेगात ताशी एक मैल कमी झाला की साधारण अडीच यार्ड जातात. पन्नाशीत तुमचा वेग 95 होता आणि आज 88 आहे, तर सतरा-अठरा यार्ड गेले. ते कंबरेचे, खांद्याचे यार्ड आहेत. पण यात निराश होण्यासारखं काही नाही, कारण नवा ड्रायव्हर घेण्याचं सगळ्यात चांगलं कारण हेच असू शकतं. वेग कमी झाला की बॉलला हवेत टिकायला जास्त उंच सुटावं लागतं. 95 च्या वेगासाठी घेतलेला नऊ अंश लॉफ्टचा, कडक दांड्याचा ड्रायव्हर 88 ला चालत नाही. साडेदहा किंवा बारा अंश, हलका आणि मऊ दांडा, यांनी गेलेल्यातले बरेच यार्ड परत येऊ शकतात. तेव्हा जुना ड्रायव्हर खराब झालेला नसतो, तो आता तुमच्या मापाचा राहिलेला नसतो. दहा वर्षांपूर्वीचा सदरा होत नाही, तसं.

परीक्षा कशी घ्यायची

एकाच दिवशी, एकाच प्रकारचे बॉल, दोन्ही ड्रायव्हर. पाच-पाच फटके आलटून पालटून, प्रत्येकाचे एकूण पंधरा. आधी जुन्याचे सगळे आणि मग नव्याचे सगळे असं करू नका. तोवर अंग मोकळं झालेलं असतं, आणि श्रेय नव्याला जातं. एकही फटका वगळू नका. दुकानात सगळ्यात लांब गेलेला एक फटका पडद्यावर दाखवतात. तुम्ही सरासरी विचारा, आणि बॉल डावी-उजवीकडे किती पसरले ते विचारा. फेसवर थोडी टाल्कम पावडर मारा, बॉल कुठे लागतोय त्याचे ठसे दिसतील.

मोजायचं ते हवेतलं अंतर, घरंगळलेलं नको. पावसाळ्यात बॉल पडतो तिथेच रुततो, मे महिन्यात टणक मैदानावर वीस यार्ड पळतो. चेंबूरचा आकडा आणि येरवड्याचा आकडा यांचीही तुलना नको. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे, हवा थोडी विरळ, बॉल दोनेक टक्के जास्त जातो.

माझा ठोकताळा सांगतो. ड्रायव्हर 2000 च्या आधीचा असेल तर बदला, फायदा नक्की दिसेल. 2005 ते 2012 मधला असेल तर आधी ग्रिप बदला, मग परीक्षा घ्या. ठसे फेसभर पसरलेले असतील तर नव्याचा उपयोग आहे. गेल्या दहा वर्षांतला असेल आणि चीर नसेल, तर पैसे प्रशिक्षकाला द्या.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: नवाच घ्यायला हवा का? वापरलेला चालेल?

उत्तर: उत्तम चालेल. धातूचं वय आपण पाहिलंच. तीन-चार वर्षांपूर्वीचं मॉडेल बरंच स्वस्त मिळतं. फक्त दोन गोष्टी बघा. फेसच्या कडांना चीर नको, आणि माल अस्सल हवा. नकली क्लब खूप फिरतात. ओळखीच्या दुकानातून घ्या, अनुक्रमांक तपासा, आणि किंमत अविश्वसनीय वाटली तर विश्वास ठेवू नका.

प्रश्न: लांब दांड्याने बॉल लांब जातो ना?

उत्तर: मधोमध लागला तर. लाकडी ड्रायव्हर साधारण 43 इंची असत, आज दुकानातले साडेपंचेचाळीसच्या आसपास असतात. दांडा जितका लांब तितकं मधोमध मारणं कठीण. खर्च न करता करण्याचा प्रयोग सांगतो. उद्या जुनाच ड्रायव्हर एक इंच खाली धरून दहा फटके मारा आणि पावडरचे ठसे बघा.

प्रश्न: माझे वडील पंचाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी घेण्यात अर्थ आहे का?

उत्तर: इथे बसलेल्यांत सगळ्यात जास्त अर्थ त्यांच्यासाठीच आहे. हलका, जास्त लॉफ्टचा घ्या. पण भेट म्हणून डबा हातात ठेवू नका, त्यांना बरोबर न्या आणि त्यांच्या फटक्यावर माप घ्या. आणि पुढच्या टीवरून खेळायला सुचवा. तिथे काही यार्ड फुकट मिळतात, आणि चौघांचा गट टिकतो.