माप बरोबर, मग ब्लाउज का काचतो?

मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या धर्माबादसारख्या सीमेवरील गावात असो वा पुण्या-मुंबईत, घरी ब्लाउज शिवणाऱ्या स्त्रियांची तक्रार एकच असते : वहीप्रमाणे कापले, तरी अंगात नीट बसत नाही.

दोष बहुधा हाताचा नसतो. शिवणवर्गातील वहीत गळा, खांदा, मुंढा ही मापे छातीच्या अंशांतून काढलेली असतात आणि शरीर हा हिशेब मानतेच असे नाही. ३६ इंच छातीच्या दोघींपैकी एकीचे माप पुढे २० व मागे १६ इंच भरते, दुसरीचे दोन्हीकडे १८. एकाच कापणीचा ब्लाउज पहिलीला हुकांपाशी ताणतो आणि पाठीवर सैल पडतो. म्हणून पुढचे व मागचे माप निरनिराळे घ्यावे. जुन्या खणाच्या चोळीला पुढे गाठ असे. अंग थोडे वाढले-घटले तरी ती सांभाळून घेई. हुकांनी ही सवलत काढून घेतली.

साडीसोबतचे ब्लाउजपीस एकदाच मिळते. उसवलेले पुन्हा शिवता येते, कापलेले जोडता येत नाही. तेव्हा आधी मांजरपाटावर बेतून, धावदोरा घालून अंगावर चढवावे आणि चुण्या पाहाव्यात. हुकांकडे ओढणाऱ्या आडव्या चुण्या म्हणजे पुढचा भाग अपुरा. गळ्याकडून काखेकडे उतरणारी तिरकी चुणी असेल, तर खांदा उतरता आहे. बाहीकडच्या टोकाला खांद्याची शिवण थोडी आत घ्यावी आणि मुंढा तितकाच खाली आणावा. ती एकाच बाजूला दिसत असेल, तर त्याच बाजूस.

सर्वाधिक फसगत मुंढ्यात होते. हात वर करताच ब्लाउज वर सरकला, की मुंढा आणखी खोल कापण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात मुंढा जितका खोल, तितकी बगलेची शिवण हाताबरोबर वर ओढली जाते. तो काखेच्या जवळ आणावा आणि बाहीचा वरचा गोलावा उंचीला कमी, रुंदीला अधिक ठेवावा. काखेत खरोखर काचत असेल तरच, तेही एका वेळी दोन सुतांपेक्षा अधिक नाही, असे कापावे.

सुधारलेला मांजरपाट उसवून तोच कागदावर उतरवून घ्यावा. सुती कापड बेतण्यापूर्वी भिजवून वाळवावे, आणि बगलेच्या शिवणीत दोन्ही बाजूंना इंचभर कापड आत राखावे. दिवाळीनंतर ते हमखास उपयोगी पडते.