टायटॅनियमचा फोन भारी, पण गरम झाला की काय?

नवीन फोन लाँच झाला की जाहिरातीत 'टायटॅनियम बॉडी' मोठ्या अक्षरांत झळकते. मग ॲल्युमिनियम म्हणजे स्वस्तातलं, असं आपल्याला वाटायला लागतं. पण तुम्ही तासन् तास गेम खेळत असाल, तर वेगळी गोष्ट बघा: धातू उष्णता किती वेगाने वाहून नेतो.

रात्रभर टेबलावर पडलेला स्टीलचा चमचा आणि प्लास्टिकची पट्टी सकाळी हातात घ्या. चमचा गार लागतो, पट्टी तेवढी नाही. खरं तर दोन्हींचं तापमान खोलीइतकंच असतं. धातू बोटांची ऊब पटकन ओढून घेतो, एवढाच फरक. (नागपुरात मे महिन्याच्या भर दुपारी करून बघाल तर उलट चमचाच जास्त तापलेला लागेल!)

ही क्षमता आकड्यांत मोजतात. आकडा मोठा, तितकी उष्णता झटपट पुढे सरकते. खोलीच्या तापमानाला तांब्याचा आकडा सुमारे ४००, ॲल्युमिनियमचा २३७, टायटॅनियमचा फक्त २२ आणि स्टेनलेस स्टीलचा १५ च्या आसपास. हे शुद्ध धातूंचे आकडे, स्टील सोडून. फोनमध्ये मिश्रधातू असतात. टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूत हा आकडा ७ पर्यंत खाली येतो.

मग टायटॅनियम वापरतात कशाला? वजन आणि ताकद. एक घनसेंटिमीटर स्टील सुमारे ८ ग्रॅम भरतं, टायटॅनियम ४.५ आणि ॲल्युमिनियम २.७. ॲल्युमिनियम सगळ्यांत हलकं, पण मऊ. पडलं की लगेच पोचा येतो.

ॲपलने २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोसाठी स्टील सोडून टायटॅनियम घेतलं. तो फोन तापतोय अशी ओरड झाली, तेव्हा दोष टायटॅनियमचा नसून सॉफ्टवेअरचा आहे, असं कंपनीने सांगितलं. ते पटण्यासारखं आहे, कारण चिपची उष्णता पसरवायचं मुख्य काम आतल्या भागांचं असतं. तरीही २०२५ च्या आयफोन १७ प्रोमध्ये ॲल्युमिनियमच परत आलं, सोबत आत व्हेपर चेंबर. मला तरी हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

गेम खेळताना ॲल्युमिनियमची फ्रेम कोमट लागली तर लगेच घाबरू नका, आतली उष्णता बाहेर येतेय. जाड कव्हर मात्र तेवढ्यापुरतं काढा. आणि तापलेला फोन फ्रीजमध्ये अजिबात ठेवू नका, आत बाष्पाचं पाणी होऊ शकतं.