रायफलीचा केस पेपर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘वैद्यकाबाहेरचा माझा छंद’ या विषयावर लिहिण्याचा आग्रह केला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. आपल्या मंडळात कोणी सतार वाजवतात, कोणी गुलाबांची कलमे करतात, कोणी सह्याद्रीचे गड पायाखाली घालतात. या सोज्वळ पंगतीत जुन्या रायफली जमवणाऱ्याने आपले पान कोठे मांडावे? जखमा शिवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने जखमा करणाऱ्या हत्याराचे कौतुक करावे, यात विसंगती आहेच. ती मी नाकारत नाही. परंतु या छंदाने मला आपल्या व्यवसायातील अगदी पहिला धडा उतारवयात पुन्हा गिरवायला लावला. म्हणून हे चार शब्द.

छंदाचे बीज बेळगावातच पडले. कॉलेजच्या दिवसांत कॅम्पातल्या चित्रपटगृहात इंग्रजी चित्रपट पाहायला आम्ही सायकली दामटत जात असू. पडद्यावरचा घोडेस्वार रायफलीच्या चापाखालची कडी सर्रकन खाली-वर करी आणि ‘खट्-खटाक्’ असा आवाज थिएटरभर घुमे. संवाद निम्मे कळत नसत. तो आवाज मात्र पक्का कळे. त्या कडीलाच लिव्हर म्हणतात. ती खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि घोडा चढतो. वर घेतली की नळीखालच्या नळकांड्यातले पुढचे काडतूस जागेवर येऊन बसते. वीज नाही, स्प्रिंगांचे अवडंबर नाही. माणसाच्या मनगटावर चालणारे साधे, चोख यंत्र.

१९७९ साली मी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेलो आणि पुढे ओहायो राज्यातील एका मध्यम शहरात शल्यविशारद म्हणून स्थिरावलो. तेथे या यंत्राचा इतिहास हाती लागला. बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने १८६० मध्ये अशा रायफलीचे पेटंट घेतले. ज्या कंपनीत तो काम करीत होता तिचा सूत्रधार ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा शर्टांचा कारखानदार! त्याने १८६६ मध्ये विंचेस्टर कंपनी उभारली. १८७३ ची प्रसिद्ध रायफल सात लाखांहून अधिक संख्येने निघाली. पुढे जॉन ब्राउनिंग या प्रतिभावंत संशोधकाने १८८६, १८९२ आणि १८९४ ची मॉडेल्स रचली. त्यांतील १८९४ च्या रायफलीने सत्तर लाखांचा आकडा ओलांडला. गंमत म्हणजे १८७० च्या सुमारास घडणाऱ्या कथांच्या कित्येक चित्रपटांत नायकाच्या हाती असते ती १८९२ ची रायफल. बेळगावात मी जिच्यावर भाळलो होतो ती हीच, हे मला पन्नाशीत समजले.

अमेरिकेत जुन्या वस्तूंचा बाजार गेल्या पंचवीस वर्षांत संगणकावर आला. ‘ईबे’ने १९९९ मध्ये बंदुकांची विक्री बंद केली आणि त्याच वर्षी केवळ बंदुकांसाठी ‘गनब्रोकर’ हे संकेतस्थळ निघाले. मोठी लिलावगृहेही इंटरनेटवरून बोली स्वीकारू लागली. पहिल्या क्रमांकाची १८८६ ची विंचेस्टर, जी जेरोनिमो या अपाची योद्ध्याचा पाठलाग करणाऱ्या कॅप्टन लॉटन यांना भेट मिळाली होती, ती २०१६ साली इलिनॉयमधील रॉक आयलंड लिलावगृहात साडेबारा लाख डॉलर्सहून अधिक किमतीला गेली. आमच्यासारख्यांचा व्यवहार अर्थातच शेकडा-हजारांतला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणकावर बटण दाबले आणि पोस्टमनने रायफल दारात आणून दिली, असे तेथे होत नाही. परराज्यातून घेतलेली रायफल खरेदीदाराच्या गावातील परवानाधारक विक्रेत्याकडे येते. त्याच्यासमोर ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि एफबीआयच्या यंत्रणेमार्फत पूर्वेतिहासाची तपासणी होते. ही पद्धत १९९८ पासून सुरू आहे. १८९८ अखेरपर्यंत बनलेली शस्त्रे केंद्रीय कायद्याने ‘पुरातन’ ठरतात आणि त्यांना यातून सूट मिळते. राज्यांचे नियम आणखी निराळे. नोकरीच्या वा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना खरेदीला सर्वसाधारणपणे मनाईच आहे. मला ग्रीन कार्ड मिळून बराच काळ लोटला होता, तरीही मी फॉर्म दोनदा वाचून भरला. घरी सौभाग्यवतींनी एकच अट घातली, “अहो, तुमची ती लाकूड-लोखंडाची काठी येऊ दे, पण काडतूस घरात यायचे नाही. एकही नाही.” ती अट अखेरपर्यंत पाळली गेली. पोलादी कपाटही रायफलीच्या आधी घरात आले.

माझी पहिली खरेदी २००३ सालची. एका संकेतस्थळावर १८९२ ची विंचेस्टर लागली होती. वर्णन मोठे मोहक होते : आजोबांची रायफल, मूळ स्थितीत, खास मागणीवरून बनवलेली दुर्मिळ आखूड नळी. नेहमीच्या रायफलीची नळी २४ इंचांची, हिची २० इंचांची. सोबत सहा छायाचित्रे, सगळी दोन हात दुरून आणि सगळी डाव्या अंगाची. क्रमांकाचे शेवटचे दोन अंक फुल्या मारून झाकलेले. लिलाव रात्री अकराला संपायचा होता. परंतु शेवटच्या पंधरा मिनिटांत कोणी बोली लावली की मुदत पुन्हा पंधरा मिनिटांनी वाढे. समोरचा अनाम प्रतिस्पर्धी पन्नास वाढवी, मी पन्नास वाढवी. साडेबारा वाजता रायफल माझी झाली : २,८५० डॉलर्स. सकाळी सात वाजता मला एक पित्ताशय काढायचे होते. त्या शस्त्रक्रियेपूर्वी मी रुग्णाला तीसेक प्रश्न विचारले असतील. रायफल विकणाऱ्याला एकही विचारला नव्हता.

रायफल हाती आल्यावर ती कौतुकाने माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे नेली. ते आमच्या रुग्णालयातून निवृत्त झालेले पॅथॉलॉजिस्ट. तीस वर्षांचे जाणते संग्राहक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग घेतले आणि दोन मिनिटांत निकाल दिला. पोलादाच्या ज्या कडा धारदार हव्यात, त्या घासून गोलावलेल्या. कारखान्याची अक्षरे पुसट. स्क्रूंच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा, म्हणजे पॉलिशच्या चाकावर धरल्याची खूण. गंजाचे खड्डे तसेच आणि त्यांच्या तळापर्यंत नवा निळसर रंग. मूळ रंग असता तर गंजाने तो खाल्ला असता. दस्त्याचे लाकूड धातूपेक्षा किंचित उंच असावे लागते, ते खाली गेलेले. अर्थात कागदाने घासलेले. नळीच्या तोंडाचा काठ कारखान्यातला वाटेना आणि पुढची माशी नंतर बसवलेली दिसत होती.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “विकणाऱ्याने निदान सांगितले आणि तुम्ही ते मान्य केलेत. स्लाइड मागितली नाही.”

तरीही माझे मन मानेना. तेव्हा त्यांनी मार्ग सुचवला. वायोमिंग राज्यातील कोडी या गावी, आज ‘बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, विंचेस्टर कंपनीच्या जुन्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. रायफलीचा क्रमांक कळवून शुल्क भरले की ती कोणत्या तऱ्हेची नळी घेऊन, कोणत्या दिवशी गोदामातून रवाना झाली, याचे पत्र मिळते. सगळे क्रमांक उपलब्ध नाहीत. माझा सुदैवाने होता. काही आठवड्यांनी पत्र आले. १९०३ साली रवाना झालेली साधी रायफल, गोल नळी, साधा चाप. आखूड नळीची कोणतीही नोंद नाही. खास मागणी असती तर ती त्या रकान्यात असायला हवी होती. कोणीतरी पुढे केव्हातरी करवतीने चार इंच कापून ‘दुर्मिळता’ निर्माण केली होती. परत करण्याची तीन दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. विक्रेत्याने कळवले, “जशी आहे तशी विकली.”

ते पत्र म्हणजे त्या रायफलीचा केस पेपर होता. जन्म, जन्मखुणा, डिस्चार्जची तारीख. पैसे गेल्याचे दुःख काही दिवसांनी ओसरले. पण रुग्णाचा पूर्वेतिहास न घेता केवळ एका फोटोवरून निदान करणाऱ्या विद्यार्थ्याला मी वॉर्डाबाहेर काढले असते, ही टोचणी राहिली.

त्यानंतर मी प्रश्न विचारू लागलो. पूर्ण क्रमांक काय? नळीतील आटे स्पष्ट आहेत का? जुन्या काळ्या दारूने व क्षारयुक्त टोप्यांनी ते खाल्ले जातात. दस्त्याच्या मानेला चीर आहे का? उजव्या अंगाचे, तळाचे, स्क्रूंचे जवळून छायाचित्र मिळेल का? परत घेण्याची अट कोणती? ज्याने उत्तरे दिली त्याच्याकडे बोली लावली. ज्याने टाळले त्याचे पान बंद केले. कंपनीने १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी घडणीची पद्धत बदलली, म्हणून त्यापूर्वीच्या १८९४ च्या रायफलींना संग्राहक अधिक मोल देतात. तशी एक मला चोख मिळाली. आणखी तीन आल्या. फसलो नाही.

मात्र सर्वांत अवघड प्रश्न मला रायफलीबद्दल विचारावा लागला नाही. २००९ च्या हिवाळ्यात त्या पॅथॉलॉजिस्ट स्नेह्यांच्या पत्नी गेल्या. दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा लिलावांचे कॅटलॉग न उघडता पडलेले होते. चहा घेताना ते सहज म्हणाले, “माझी १८८६ तुम्ही घेऊन जा. पैसे नकोत.” त्या रायफलीसाठी त्यांनी अकरा वर्षे वाट पाहिली होती.

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. एकाकी, वयस्कर पुरुष आणि घरात हाताशी असलेले शस्त्र ही जोडी मी अपघात विभागात पाहिली होती. जिवापाड जपलेली वस्तू अचानक देऊन टाकणे ही कोणती खूण आहे, हे आपल्यापैकी कोणालाही सांगायला नको. तरीही मित्राच्या घरी, चहाचा कप हातात धरून तो प्रश्न ओठांवर येईना. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज चुकीचा आहे हे ठाऊक असूनही येईना. शेवटी विचारले, “स्वतःला संपवावे असे मनात येते का?”

ते बराच वेळ खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “हो. रात्री.”

त्या संध्याकाळी त्यांच्या शस्त्रांच्या आणि काडतुसांच्या कपाटांच्या किल्ल्या मी माझ्या खिशात घातल्या. त्यांच्या मुलीला आणि त्यांच्या डॉक्टरांना त्यांच्यासमोरच फोन केला. मुलगी दुसऱ्या दिवशी विमानाने आली. औषधोपचार झाले, समुपदेशन झाले. वर्षभराने त्यांनी आपला संग्रह एकेक करून लिलावाला काढला आणि प्रत्येक रायफलीचे गुणदोष स्वतः बसून लिहिले. आणखी सात वर्षे ते जगले.

२०१४ साली आम्ही कायमचे बेळगावी परतण्याचे ठरवले. रायफली आणण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा कडक आहे. सामानात विसरलेले एखादे काडतूससुद्धा विमानतळावर गुन्हा ठरू शकते. (मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कोणी ‘आठवण’ म्हणून दिले तरी घेऊ नये.) तेव्हा पाचही रायफली विकायला काढल्या. चार सहज गेल्या. उरली ती कापलेली १८९२.

खरे सांगतो, मोह झाला. सहा दुरची छायाचित्रे, फुल्या मारलेला क्रमांक आणि ‘आखूड नळी’ एवढेच शब्द. त्यांत एकही धडधडीत खोटे नव्हते. पैसे निघाले असते. दोन दिवस तो मसुदा संगणकावर पडून होता. तिसऱ्या दिवशी तो पुसला आणि लिहिले : नळी नंतर कापलेली, रंग नंतर दिलेला, दस्ता घासलेला, संग्रहालयाचे पत्र सोबत. बारा छायाचित्रे काढली, सगळी जवळून. सातशे दहा डॉलर्स आले. खरेदीदाराने एका ओळीत कळवले की विचारायला एकही प्रश्न उरलेला नसलेली ही पहिलीच जाहिरात त्याच्या पाहण्यात आली.

मूळ पत्र रायफलीबरोबर गेले. केस पेपर रुग्णाबरोबरच जायला हवा. त्याची एक झेरॉक्स माझ्या कन्सल्टिंग रूमच्या खणात आहे. एखाद्या रुग्णाने नुसते रिपोर्ट पुढे सरकवून “डॉक्टर, एवढे बघून सांगा ना,” म्हटले की मी तो खण बंद आहे ना ते पाहतो, आणि म्हणतो, “सांगतो. आधी इथे बसा, आणि त्रास केव्हापासून आहे ते सांगा.”