भाताच्या तणसातील सेल्युलोजचे कलम-सहबहुवारिकीकरण

गोंदिया जिल्हा हा प्रामुख्याने भाताचा प्रदेश होय. मळणीनंतर उरणाऱ्या तणसात सुमारे एक तृतीयांश सेल्युलोज असते. सिलिकाही बरीच असल्याने प्रथम अल्कलीची प्रक्रिया आवश्यक ठरते. सेल्युलोजच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी इतक्या घट्ट बांधलेल्या असतात, की हायड्रॉक्सिल गट विपुल असूनही ते पाण्यात विरघळत नाही.

आंब्याच्या खुंटावर कलम बांधावे, त्याप्रमाणे सेल्युलोजच्या कण्यावर अन्य बहुवारिकाच्या शाखा वाढविता येतात. नायट्रिक आम्लाच्या माध्यमात सेरिक अमोनियम नायट्रेटमधील सेरिक आयन ग्लुकोज घटकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटांशी संयोग पावतो आणि मुक्त मूलक निर्माण होतो. तेथूनच ॲक्रिलोनायट्रिलची शाखा वाढू लागते. या शाखांचे अल्कलीने जलापघटन केल्यास जलशोषक पदार्थ मिळतो.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले 'पुसा हायड्रोजेल' हे सेल्युलोजवर आधारित असेच कलमित बहुवारिक असून ते स्वतःच्या वजनाच्या 350 पट शुद्ध पाणी शोषते. मातीतील क्षारांमुळे ही क्षमता बरीच घटते. पावसाच्या खंडाने धास्तावणाऱ्या धान उत्पादकास हा फरक सांगितलाच पाहिजे.

महाविद्यालयीन प्रयोगांत मात्र एक दोष वारंवार संभवतो. कलम न होता स्वतंत्रपणे बनलेले पॉलिॲक्रिलोनायट्रिल डायमिथिल फॉर्मामाइडने पूर्णपणे धुऊन काढले नाही, तर वजनातील सारी वाढ कलमाच्या नावावर जमा होते.