समानार्थी इंग्रजी शब्द : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्रजीत अर्ज, ई-मेल किंवा अहवाल लिहिताना मराठी माणूस व्याकरणापेक्षा शब्दापाशी जास्त अडतो. एकाच अर्थाचे दोन-तीन शब्द समोर येतात आणि निवड करायची असते. अशा वेळी शाळेतलं एखादं सूत्र, शब्दकोशातला अर्थ किंवा ‘भारदस्त शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी’ ही समजूत हाताशी धरली जाते. या आधारांपैकी बरेचसे कच्चे आहेत. इंग्रजी शब्द निवडताना त्याचा अर्थ पाहावा लागतोच, पण तो कोणत्या शब्दांच्या संगतीत आणि कोणत्या प्रसंगी येतो हेही पाहावं लागतं.

गैरसमज १ : मराठी अर्थ एक, म्हणजे इंग्रजी शब्दही सारखेच.

वस्तुस्थिती : दोन भाषा अर्थाच्या रेषा एकाच जागी ओढत नाहीत. झाडाखाली मिळते ती सावली आणि भिंतीवर आपल्या आकाराची पडते तीही सावलीच. इंग्रजीत उन्हापासून आडोसा देणारी ती ‘शेड’, तर आकार घेऊन पडणारी ती ‘शॅडो’. उन्हातून आलेला माणूस ‘शेड’मध्ये बसतो.

‘ठेवणे’ हे क्रियापदही असंच. पुस्तक टेबलावर ठेवलं, ही क्षणात संपणारी क्रिया झाली. तिथे ‘पुट’ हवं. पुस्तक जपून ठेवलं, जवळ ठेवलं, कायम एका जागी ठेवलं, तर ‘कीप’. मराठीत दोन्हींना एकच क्रियापद असल्यामुळे नुसतं ठेवायला सांगतानाही आपल्याकडे ‘कीप इट ऑन द टेबल’ असं सर्रास म्हटलं जातं. पैसे उसने घेतले किंवा उसने दिले, तरी मराठीत ‘उसने’ बदलत नाही. इंग्रजीत घेणारा ‘बॉरो’ करतो आणि देणारा ‘लेंड’ करतो. म्हणून इंग्रजी-मराठी कोशातला अर्थ ही सुरुवात समजावी. त्यापुढे इंग्रजी-इंग्रजी कोशातली उदाहरणं वाचायलाच हवीत.

गैरसमज २ : अर्थ कळला की शब्द वाक्यात घालता येतो.

वस्तुस्थिती : प्रत्येक शब्दाची वाक्यातली बांधणी ठरलेली असते. ‘सांगितलं’ यासाठी ‘से’ आणि ‘टेल’ दोन्ही आहेत, पण ‘ही टोल्ड मी’ बरोबर आणि ‘ही सेड मी’ चूक. तिथे ‘सेड टू मी’ लागतं. ‘टॉक’नंतर ‘अबाउट’ येतं, ‘डिस्कस’नंतर येत नाही. ‘डिस्कस अबाउट’ची सवय आपल्याकडे खोलवर रुजली आहे, कारण मराठीत चर्चा नेहमी कशाबद्दल तरी असते.

गैरसमज ३ : जड शब्द वापरला की इंग्रजी उंचावतं.

वस्तुस्थिती : इंग्रजीत एका अर्थाचे इतके शब्द का आहेत, हे कळलं की हा समज आपोआप गळून पडतो. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्यानंतर दरबार आणि कायदा यांत फ्रेंच आली, तर धर्म आणि विद्या यांत लॅटिन होतीच. सामान्य लोकांची भाषा मात्र इंग्रजीच राहिली. त्यातून शब्दांचे थर तयार झाले. ‘आस्क’ हा मूळचा इंग्रजी, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेला, ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधला. तिघांत ‘विचारणं’ आहे, पण मित्राला आपण ‘आस्क’ करतो आणि पोलीस संशयिताला ‘इंटरॉगेट’ करतात. ‘किंगली’, ‘रॉयल’ आणि ‘रीगल’ हेही तीन थर आहेत.

मराठी वाचकाला हे नवं नाही. पाणी आणि जल, विनंती आणि अर्ज असे देशी, संस्कृत व फारसी वळणाचे शब्द आपणही प्रसंग पाहून वापरतो. तहान लागली की कोणी जल मागत नाही. तोच माणूस ई-मेलमध्ये मात्र ‘बाय’ सोडून ‘पर्चेस’ आणि ‘स्टार्ट’ सोडून ‘कमेन्स’ लिहितो.

फाउलर बंधूंनी १९०६च्या ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये आणि जॉर्ज ऑर्वेलने १९४६च्या एका प्रसिद्ध निबंधात साध्या, छोट्या शब्दाची बाजू घेतली. पण याचा अर्थ लॅटिन वळणाचा प्रत्येक शब्द टाकाऊ असा नाही. करारात, कायद्यात ‘कमेन्स’ शोभून दिसतो, कारण ती त्याची जागा आहे.

गैरसमज ४ : दोघांत ‘बिट्वीन’, जास्त असतील तर ‘अमंग’, मोजता येत असेल तर ‘फ्यूअर’, नसेल तर ‘लेस’.

वस्तुस्थिती : ही सूत्रं पिढ्यान्पिढ्या पाठ केली गेली, पण दोन्ही अर्धवट आहेत. ‘बिट्वीन’ दोनपेक्षा अधिकांसाठी फार जुन्या काळापासून वापरला जातो, हे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच सांगते. खरा फरक संख्येचा नाही. प्रत्येकाचा वेगळा, स्पष्ट संबंध असेल तर ‘बिट्वीन’. गट एकत्र धरला असेल तर ‘अमंग’. म्हणून तीन देशांमधला करार ‘बिट्वीन थ्री कंट्रीज’ असतो आणि गर्दीत हरवलेला माणूस ‘अमंग द क्राउड’.

‘लेस’ची गोष्ट अधिक बोलकी आहे. आल्फ्रेड राजाच्या काळापासून, म्हणजे नवव्या शतकापासून, मोजण्याजोग्या वस्तूंसाठीही ‘लेस’ येत होता. १७७० साली रॉबर्ट बेकर या लेखकाने, तिथे आपल्याला ‘फ्यूअर’ अधिक बरा वाटतो, असं वैयक्तिक मत नोंदवलं. पुढे त्या आवडीचा नियम झाला. आज औपचारिक लेखनात ‘फ्यूअर स्टुडंट्स’ लिहिणंच योग्य, कारण वाचकाची तशी अपेक्षा असते. पण पैसा, अंतर, वेळ यांचा आकडा एकच राशी मानला जातो. म्हणून ‘लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज’ आणि ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’ हेच बरोबर. तिथे ‘फ्यूअर’ घालणं म्हणजे नियमाच्या धाकाने चूक करणं.

गैरसमज ५ : थिसॉरसमध्ये शेजारी असलेले शब्द एकमेकांच्या जागी चालतात.

वस्तुस्थिती : पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने १८५२ साली आपला थिसॉरस प्रसिद्ध केला तो कल्पनांनुसार शब्दांची मांडणी करून. मनात कल्पना आहे पण शब्द आठवत नाही, अशांसाठी तो होता. त्यात व्याख्या नव्हत्या. कुठलाही शब्द उचलून कुठेही बसवावा, ही सोय त्यात अभिप्रेत नव्हती.

शब्दांच्या संगतीकडे भाषाशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात बारकाईने पाहिलं. मायकेल हॅलिडे यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे : चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो, मोटार मात्र ‘पॉवरफुल’ असते. बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली संगणकावर प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा मोठा साठा जमवून १९८७ साली कोबिल्ड शब्दकोश तयार झाला. अशा साठ्यांतून दिसलं की ‘कॉज’ या क्रियापदाशेजारी बहुतेकदा नुकसान, अडचण, मृत्यू असे शब्द येतात. मराठीतही संकट ओढवतं, आनंद ओढवत नाही. पाऊस मुसळधार असतो आणि वारा सोसाट्याचा. आपल्या भाषेत ही जाण आपोआप येते. परक्या भाषेत ती वाचनाने कमवावी लागते.

गैरसमज ६ : सूत्रं कच्ची निघाली, म्हणजे फरक पाळायचं कारण नाही.

वस्तुस्थिती : काही जोड्यांत चूक झाली तर अर्थच बदलतो. १ मे १९६० हा महाराष्ट्रासाठी ‘हिस्टॉरिक’ दिवस, कारण त्याने इतिहास घडवला. शिवकाळावरची कादंबरी ‘हिस्टॉरिकल’, कारण तिचा विषय इतिहास. आपण दोन्हींना ‘ऐतिहासिक’ म्हणतो. सरकारचं धोरण ‘इकॉनॉमिक’ असतं, कमी इंधन खाणारी गाडी ‘इकॉनॉमिकल’. इथे कानाडोळा करून चालत नाही.

मग निवड करायची कशी? दोन शब्दांत अडलात तर चांगल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात दोन्ही उघडा आणि व्याख्येइतकंच लक्ष उदाहरणांकडे द्या. शब्दापुढे काय येतं, शेजारी कोण बसतं आणि वाक्य दोस्ताशी बोलतानाचं आहे की कचेरीतलं, एवढं पाहा. सापडलेलं एक वाक्य वहीत पूर्ण उतरवून ठेवा, सुटा शब्द नव्हे. आपल्याकडे अनेक मुलं इंग्रजीच्या भीतीने गप्प बसतात, आणि ती भीती बरीचशी पाठ केलेल्या नियमांनी वाढवलेली असते. मराठीत रोज इतक्या बारकाईने शब्द निवडणाऱ्याला इंग्रजीतही ते जमतं. त्यासाठी सूत्रांपेक्षा खरी वाक्यं हाताशी हवीत.