स्कॅनवर डाग दिसला म्हणजे कॅन्सर पसरलाच का?

तोंडाचा कॅन्सर निघाला की डॉक्टर ऑपरेशनआधी स्कॅन लिहून देतात. "हे पैसे काढायचे धंदे," असं वस्तीत आम्हाला ऐकवलं जातं. तसं नाही. तंबाखू, मिश्री, गुटख्याने झालेला तोंडाचा कॅन्सर पसरू लागला की बहुधा आधी मानेतल्या गाठींत उतरतो, फुप्फुसात नंतर. तो कुठवर गेला हे कळल्याशिवाय किती कापायचं, शेक द्यायचा की नाही, हे ठरत नाही.

साध्या एक्स-रेमध्ये हाड नीट दिसतं. मांस, चरबी, गाठी सगळं एकसारखं करडं. मानेसाठी सोनोग्राफी चांगली. तिच्यात किरण नसतात, खर्च कमी, आणि पडद्यावर बघत गाठीत नेमकी सुई घालता येते. जबड्याच्या हाडासाठी आणि छातीसाठी सीटी स्कॅन. जिभेच्या मांसात रोग किती खोल गेलाय ते एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतं.

पेट स्कॅन सगळ्यांना लागत नाही, बहुतेक वाढलेल्या रोगातच सांगतात. त्यात साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचतात. ज्या पेशी साखर जास्त ओढतात त्या चित्रात चमकतात. या औषधाचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून दिलेली वेळ चुकवू नका. आधी चार ते सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. मधुमेह असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. त्या दिवशी तान्ह्या बाळांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहा.

आता मुख्य गोष्ट. टीबीची गाठसुद्धा पेट स्कॅनमध्ये चमकते. किडलेल्या दाढेमुळे सुजलेली गाठही चमकू शकते. आपल्या दाटीच्या वस्त्यांत टीबी किती आहे ते वेगळं सांगायला नको. तरी रिपोर्टमधला "संशयित" शब्द वाचून, "पसरलाय, आता काय उपयोग," म्हणत माणसाला घरी आणलेलं आम्ही पाहिलंय. डाग म्हणजे निकाल नव्हे. सुईची तपासणी किंवा बायप्सी झाली का, हे आधी विचारा. सुई लावल्याने रोग पसरतो ही भीती सोडा. मानेच्या गाठीत बारीक सुईने तो धोका नगण्य असतो. (तपासल्याशिवाय मानू नका, हे तर आपल्याला तथागतांनीच सांगितलंय.)

उलटही होतं. अगदी बारीक रोग कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरवर होता. या रुग्णांच्या मानेत तपासणीत गाठ लागत नव्हती. पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेच्या गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. तेव्हा "स्कॅन स्वच्छ, मग मान कशाला कापता?" म्हणून सही अडवू नका.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटा, कुठल्या तपासण्या योजनेत बसतात ते स्कॅनआधीच विचारा. फिल्म, सीडी, रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. दुसऱ्या हॉस्पिटलात गेलात तर बऱ्याचदा तेच स्कॅन पुन्हा करावं लागत नाही.