गाडीतला निळा दिवा

"अगं, आधी टॉर्च काढ! मला यातलं काही दिसत नाही," ह्यांचा आवाज एकाएकी चढला.

डिसेंबरची रात्र होती. नागपूरला भाचीचे लग्न आटोपून आम्ही भिलाईला परत निघालो होतो. साकोली मागे पडली, देवरीच्या अलीकडचे जंगल सुरू झाले आणि धुके उतरले. गाडीत आम्ही चौघे, काचा बंद. पाहता पाहता समोरची काच आतून पांढरी झाली. पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे अंधूक दिसत होते. ह्यांनी घाईघाईने एसीच्या पॅनेलवरचे बटण फिरवले. वाटले, आता गरम हवा येईल आणि काच साफ होईल. आली गार हवा, तीही पायांवर!

पॅनेल तर छान उजळलेले होते. गडद निळे, अगदी विमानातल्यासारखे. महिन्याभरापूर्वीच आमच्या धाकट्याने त्यात हौसेने निळे एलईडी दिवे बसवले होते. पण त्या निळ्या उजेडात गरम हवेची लाल खूण कुठे गेली, ते कोणालाच कळेना. शेवटी एका ढाब्यासमोर गाडी उभी केली, टॉर्च लावली, तेव्हा ती खूण सापडली. तोवर माझ्या तळहाताला घाम फुटला होता.

त्या रात्री घरी सुखरूप पोचलो. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बापलेकांत जी चर्चा झाली, तिच्यातून मला बरेच काही कळले. आजकाल गाडीच्या आतले दिवे बदलण्याची हौस घरोघरी दिसते. म्हणून ते सारे इथे सांगते आहे.

हौस कुठून आली?

आमची गाडी बारा वर्षांची. एसीच्या पॅनेलमागचा बारीकसा बल्ब उडाला आणि रात्री पॅनेल काळेठिक्कर दिसू लागले. तसला बल्ब साधारण 1.2 वॉटचा असतो. आत तापून पांढरी होणारी तार, म्हणजे कधी ना कधी तुटणारच. धाकट्याने विचार केला, पुन्हा तोच बल्ब कशाला? एलईडी कमी वीज घेतो, तापत नाही, वर्षानुवर्षे टिकतो. सुपेल्याच्या बाजारातून त्याने निळे एलईडी आणले आणि एका दुपारी काम उरकले.

निळाच रंग का? कारण तो नवा वाटतो. त्यालाही एक इतिहास आहे. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये तयार केला. मागोमाग हिरवा आणि पिवळाही आला. पण भरपूर उजेड देणारा निळा एलईडी काही केल्या जमेना. जपानमध्ये इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खपून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते साधले. या तिघांना 2014 मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या घरात जे पांढरे एलईडी दिवे आहेत, त्यांच्या पोटातही बहुधा निळाच एलईडी असतो. त्यावर पिवळसर लेप दिला की उजेड पांढरा दिसतो. इतक्या उशिरा हाती आलेला हा रंग मग मोटारी, मोबाईल, म्युझिक सिस्टीम अशा सगळ्यांवर झळकू लागला.

भट्टीची निळी काच

"बाबा, निळा रंगच सगळ्यात मॉडर्न दिसतो," धाकट्याने आपली बाजू मांडली.

हे भिलाईच्या पोलाद कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. बोलणे मोजके. म्हणाले, "आम्ही स्टील मेल्टिंग शॉपमध्ये भट्टीत डोकावताना निळी काच लावायचो. का, माहीत आहे? भट्टीचा पिवळा झगमगाट त्या काचेतून आरपार येत नाही. मग आतलं नीट बघता येतं. तिथे काही रंग अडवायचेच होते. तू मात्र जो रंग दिसायला हवा, तोच अडवून ठेवलास."

हे अगदी खरे होते. एसीच्या पॅनेलवर गार हवेसाठी निळी आणि गरम हवेसाठी लाल पट्टी असते. लाल पट्टी म्हणजे काय, तर फक्त लाल उजेड पलीकडे सोडणारी रंगीत पारदर्शक शाई. साध्या बल्बच्या उजेडात सगळे रंग असतात, त्यामुळे ती लाल दिसते. निळ्या एलईडीत लाल रंग जवळजवळ नसतोच. मग पट्टीतून पलीकडे जाणार काय? ती काळी दिसते. आमच्या गाडीत नेमके तेच झाले होते.

वय वाढले की निळा उजेड का खुपतो?

दुसरी गोष्ट डोळ्यांची. अंधाराला डोळे पूर्णपणे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. झगझगीत उजेड डोळ्यांत गेला की ही कमाई क्षणात जाते. अंधारात पाहणाऱ्या पेशी निळ्या-हिरव्या उजेडाला सर्वाधिक संवेदनशील असतात, लाल उजेडाला फारशा नाहीत. म्हणूनच जहाजांवर, विमानांत रात्रीच्या कामासाठी मंद लाल दिवे वापरण्याची पद्धत पडली. बीएमडब्ल्यू कंपनीच्या गाड्यांत वर्षानुवर्षे नारिंगी झाक असलेला लाल उजेड असे. स्वीडनच्या साब कंपनीने 1990 च्या दशकात 'नाइट पॅनेल' नावाचे बटण दिले होते. ते दाबले की वेग दाखवणारा काटा सोडून बाकीचे दिवे विझत.

त्यात वय वाढले की डोळ्यातले भिंग पिवळसर आणि किंचित गढूळ होते. निळा उजेड त्यात जास्त विखुरतो. शिवाय निळ्या किरणांचा केंद्रबिंदू पडद्याच्या थोडा अलीकडेच जुळतो, म्हणून निळी अक्षरे कडेला फुगल्यासारखी, अस्पष्ट दिसतात. चाळिशीनंतर जवळचे वाचायला त्रास होतोच, तिथे हे आणखी एक संकट. पंचविशीच्या मुलाला जे पॅनेल झकास दिसते, ते पासष्टीच्या वडिलांना निळ्या ढगासारखे दिसू शकते. गाडी घरातले सगळे चालवत असतील, तर दिवा निवडताना घरातल्या सर्वांत वयस्क डोळ्यांचा विचार करावा.

दिवा बदलायचा असेल तर

पुढच्या रविवारी रिसालीच्या घराच्या ओसरीत बापलेक दोघे बसले आणि काम नव्याने केले. त्यांनी जे केले, ते असे:

आधी बॅटरीचा ऋण टोकाचा, म्हणजे मायनसचा, पाना लावून जोड काढला. एअरबॅग असलेल्या गाडीत यानंतर काही मिनिटे थांबायचे असते. पिवळ्या रंगाच्या जोडाला हात लावायचा नाही, कारण तो साधारणपणे एअरबॅगचा असतो. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर रेडिओ सांकेतिक अंक मागतो, तो आधीच लिहून ठेवलेला बरा.

मग पॅनेलभोवतीची प्लॅस्टिकची चौकट काढली. स्क्रू ड्रायव्हरने उचकटली तर ओरखडे पडतात, कड मोडते. प्लॅस्टिकची चपटी पट्टी बरी. जुन्या गाड्यांत बटणामागे तारेच्या केबल असतात, त्या हवेची झडप उघड-बंद करतात. पॅनेल जोराने ओढले तर त्या निसटतात आणि मग दिवा सुंदर, पण गरम हवा बंद!

बल्ब छोट्या सॉकेटमध्ये असतो, पाव वळण दिले की निघतो. त्यावर हिरवी रबरी टोपी असेल तर ती नीट जपावी, कारण मूळ रंग तिच्यामुळेच येतो.

आता एलईडी. यावेळी धाकट्याने उबदार पांढऱ्या रंगाचे, म्हणजे बल्बसारखी पिवळसर झाक असलेले घेतले. त्यामुळे लाल पट्टी लाल आणि निळी पट्टी निळी दिसते. एलईडीला वीज एकाच दिशेने चालते. पेटला नाही तर खराब म्हणून फेकू नये, उलटा लावून पाहावा.

सर्वांत महत्त्वाचा रेझिस्टर. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची म्हणतात, पण इंजिन सुरू असताना दाब 14.4 व्होल्टपर्यंत जातो. पांढऱ्या एलईडीला साधारण 3.2 व्होल्ट लागतात. तीन एकापुढे एक जोडले की 9.6 झाले. उरले 4.8 व्होल्ट. पॅनेलला मंद उजेड पुरतो, म्हणून 10 मिलिअँपिअर प्रवाह धरला. 4.8 ला 0.01 ने भागले की 480 ओहम. बाजारात 470 ओहमचा मिळतो, तो पाव वॉटचा पुरतो. रेझिस्टर न लावता जोडलेला एलईडी पेटतो खरा, पण तो लगेच जळून जातो.

एलईडीचा उजेड एकाच दिशेने पडतो, म्हणून पॅनेलवर एक ठिपका लख्ख आणि कडा अंधाऱ्या असे होते. त्यावर उपाय सोपा. एलईडीचे डोके बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून धुरकट करावे, उजेड पसरतो. जोड सोल्डर करून त्यावर आवरण-नळी चढवावी. नुसत्या चिकटपट्टीचा भरवसा नाही. आमच्या भिलाईच्या उन्हाळ्यात बंद गाडीत तिचा गोंद वितळतो, तार उघडी पडते आणि फ्यूज उडतो. उडालेल्या फ्यूजऐवजी मोठा फ्यूज किंवा तार लावणे तर आगीला आमंत्रण!

हे मात्र करू नका

नव्या गाड्यांत बल्ब नसतातच. तांदळाच्या दाण्याहून लहान एलईडी थेट पट्टीवर जोडलेले असतात. आपोआप तापमान सांभाळणाऱ्या पॅनेलमागे तर छोटा संगणकच असतो. तिथे घरचा प्रयोग नको. जाणकार कारागिराकडेच जावे. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर आधी हमीपत्र वाचावे, वायरिंगमध्ये बदल केल्यास विमा कंपनीला कळवावे.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येही हे कलम ठामपणे उचलून धरले. आतला बल्ब बदलल्याने नोंदणीचा तपशील बदलत नाही, पण ही हौस बाहेर नेऊ नये. गाडीच्या पुढे लाल दिवा दिसणे हे नियमबाह्यच आहे.

आणि काचेवर वाफ धरली तर? हवेचा झोत समोरच्या काचेवर वळवा, आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करून बाहेरची हवा घ्या, एसी सुरू करा आणि तापमान गरमकडे न्या. एसी हवेतला ओलावा काढतो, गरम हवा काच सुकवते. ही चार बटणे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला अंधारात, हाताच्या अंदाजाने सापडायला हवीत. गाडी उभी असताना डोळे मिटून एकदा सराव करून पाहा.

दिव्याने सांगितलेले

काम संपले, संध्याकाळी हे गाडीत जाऊन बसले. पॅनेल सौम्य, पिवळसर उजळले. लाल खूण लाल दिसत होती. धाकटा उत्सुकतेने पाहत होता.

"आता दिसतंय, बाबा?"

हे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खूण दिसते. आकडे अजून फिसकटलेलेच दिसतात रे."

चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फरक पडला नाही. मग हळूच कबूल केले की गेल्या वर्षापासून समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती त्यांना कडे दिसते. आम्हाला सांगितले नव्हते. सांगितले तर मुलगा गाडीची किल्ली काढून घेईल, ही भीती!

धाकट्याने किल्ली मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. महिन्याभराच्या अंतराने दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या, डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत ह्यांनी गाडी चालवली नाही.

परवा पुन्हा नागपूरला जाऊन आलो. परतताना देवरीपासून गाडी ह्यांच्या हातात होती. धुके नव्हते, तरी त्यांनी एकदा मुद्दाम हात पुढे करून बटण लाल खुणेवर नेले आणि पुन्हा मागे आणले.

मागच्या सीटवर धाकटा जागा होता. म्हणाला, "बाबा, निळा लावू का परत?"

"आधी माझ्या वयाचा हो," हे म्हणाले, "मग लाव."